मांजरपायाचा पत्ता

'तुमचं पार्सल भिवंडी हबमध्ये पोहोचलं आहे.'

मुंबई-ठाण्यात नोकरी करणाऱ्या आणि रात्री अकरानंतर सेलमध्ये खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला हा मेसेज पाठ असतो. बूट असोत, एअर फ्रायर असो, नाहीतर मैत्रिणीच्या संगीतला घालायचा लेहेंगा असो, सगळे एकदा भिवंडीला जाऊन येतात. आपण जात नाही. आपल्या आई-बाबांच्या पिढीसाठी भिवंडी म्हणजे यंत्रमाग, खडखडाट आणि स्वस्त कापड. आपल्यासाठी भिवंडी म्हणजे ट्रॅकिंगच्या पानावरचा तो ठिपका, जो दोन-दोन दिवस हलत नाही! काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडा, माणकोली... या गावांत आज जी गोदामं उभी आहेत, त्यांत अर्ध्या देशाचा संसार मावेल.

तर या आठवड्यात भिवंडी. पण गोदामं नाहीत. गोदामांच्या शेजारी, कधीकधी त्यांच्या पायाखालीही, वाढणारं एक गवत. हो, गवत. पान उलटू नका प्लीज. या गवताचं नाव ऐकलंत की थांबाल.

ठाण्यात कापूरबावडीहून जुन्या आग्रा रोडने निघालं, की बाळकुमच्या पुढे खाडी लागते. पूल ओलांडला की कशेळी, म्हणजे भिवंडी तालुका सुरू. पुलाखाली आहे ती आपली उल्हास नदी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-बदलापूर-कल्याण करत येते, आणि इथे पोचेपर्यंत तिची समुद्राशी चांगलीच सलगी झालेली असते. रोज दोन वेळा भरतीचं पाणी तिच्यात शिरतं. पुढे ती वसईच्या खाडीला मिळते. पुलावर गाडी थांबवता येत नाही (आणि मागचा ट्रकवाला ते हॉर्नने सांगतोच), पण खिडकीतून बघितलंत तर दोन्ही काठांना तिवरांची हिरवीगार भिंत दिसेल. तिवर म्हणजे मॅनग्रोव्ह. हे आता शाळेतली पोरंही सांगतात.

त्या भिंतीच्या मागे काय आहे, ते पुलावरून दिसत नाही. त्यासाठी गावातून आत जावं लागतं.

मी गेले ती एका ओळखीच्या काकांबरोबर. आगरी माणूस, साठी ओलांडलेली, आजोबांच्या वेळेपासूनची खाडीकाठची शेती. आमच्या ऑफिसच्या कॅबचा ड्रायव्हर त्यांचा पुतण्या. एका गोदामाच्या मागच्या भिंतीला वळसा घालून आम्ही जुन्या मातीच्या बांधावर चढलो. डावीकडे तिवरं. उजवीकडे दूर भिंत आणि पत्र्याचं छप्पर. आणि मधे, पहिल्या नजरेत सांगायचं तर, काहीच नाही. राखाडी, भेगाळलेला चिखल आणि त्यावर कुणीतरी जुनी हिरवी सतरंजी टाकावी तसं काहीतरी पसरलेलं.

''काका, हे काय आहे?''

''गवात हाय, अजून काय?''

''नाव काय त्याचं?''

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं माझी आजी मी पिझ्झावर अननस मागवल्यावर बघते. ''गवताला काय नाव? पोरी, पाय जपून टाक, टोचतंय ता.''

टोचतं, खरंच. बोटाच्या पेराएवढी ताठ, टोकदार पानं, दोन्ही बाजूंना दाटीने लागलेली. उंची वीतभरसुद्धा नाही. जमिनीलगत धावणारी खोडं, जिथे टेकतील तिथे मुळं धरणारी. ओढून बघितलं तर हातभर दोरी निघते. टोकाला सुपारीहूनही छोटा, केसाळ, फिकट तुरा. आणि पानांवर पांढरी पूड. मला वाटलं धूळ. गोदामांकडे ट्रकांची ये-जा सुरूच असते, धूळ असणारच. काका म्हणाले, चाखून बघ. पान पुसून जिभेला लावलं आणि तोंड वेडंवाकडं झालं. चक्क मीठ! (घरी ट्राय करू नका. आणि ही खाडी फार स्वच्छ आहे असंही समजू नका. भिवंडी-कल्याणकडून काय काय वाहत येतं, त्यावर वेगळा कॉलम होईल.)

हे मीठ पानावर बाहेरून पडलेलं नसतं. गवतच ते बाहेर टाकतं. त्याच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. प्रत्येकीत फक्त दोन पेशी, एक खाली रुतलेली आणि एक वर टोपीसारखी. मुळांतून पाण्याबरोबर जे जादा मीठ आत येतं, ते या ग्रंथी पानाबाहेर ढकलतात. पाणी उडून जातं, स्फटिक उरतात. वारा आला की झडतात, पाऊस आला की धुऊन जातात. तिवरसुद्धा पानांतून मीठ टाकतो. पण तिवर जिथे हात टेकतो, तिथे हे गवत सुरू होतं.

हा भाग समजून घ्यायला काकांइतका चांगला मास्तर नाही. भरतीचं पाणी रोज येतं, पण सारखं चढत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. तेव्हा पाणी वरपर्यंत येतं. अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी खालीच घुटमळतं. तिवरांच्या पायाशी बहुतेक दिवस पाणी येऊन जातं, त्यामुळे तिथलं मीठ धुतलं जातं आणि समुद्राच्या फार पुढे जात नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तिवरांच्या मागच्या चढावर मात्र पाणी फक्त उधाणाला येतं आणि मग पंधरा दिवस ऊन. पाणी उडतं, मीठ राहतं. पुन्हा उधाण, पुन्हा मीठ. एप्रिल-मेपर्यंत त्या मातीचा खारटपणा समुद्राच्याही वर जातो. झाडाला हे झेपत नाही. आणि मग जूनमध्ये पाऊस कोसळला, की तीच माती चार महिने जवळजवळ गोड्या पाण्यात बुडते. वर्षभरात दोन टोकं. 'वर्क प्रेशर' कुणाला म्हणतात ते या गवताला विचारा.

म्हणजे तिवरांमागची ती 'रिकामी' जागा रिकामी नाही. तिथे झाड नाही, कारण ती झाडाची जागाच नाही.

आता नावाकडे येते. शास्त्रीय नाव: एल्युरोपस लॅगोपॉइडिस. घाबरू नका, अर्थ गोड आहे. ग्रीकमध्ये एल्युरोस म्हणजे मांजर, पूस म्हणजे पाय. आणि लॅगोपॉइडिस म्हणजे सशाच्या पायासारखं. त्या केसाळ तुऱ्याकडे बघून ही दोन्ही जनावरं कुणाला तरी आठवली. म्हणजे पूर्ण नाव झालं 'मांजरपाय, सशाच्या पायासारखा'. एवढ्याशा गवताला दोन जनावरांचे पाय!

हे नाव एका दिवसात पडलेलं नाही. १७६७ साली लिनियसने, म्हणजे सगळ्या जिवांना दोन शब्दी नावं द्यायची शिस्त लावणाऱ्या स्वीडिश गृहस्थाने, याला डॅक्टिलिस या गटात टाकलं. डॅक्टिलिस म्हणजे बोट. तेव्हा ससा आला होता, मांजर नव्हतं. मांजर आणलं ट्रिनियस नावाच्या डॉक्टरने, १८२० साली. जन्माने जर्मन, करिअर रशियात, गवतांचं वेड, आणि सख्खा मामा कोण? होमिओपॅथीवाले हानेमान! (गॉसिप दोनशे वर्षं जुनं असलं तरी गॉसिपच.) शेवटी १८६४ मध्ये श्रीलंकेतल्या पेराडेनिया बागेच्या थ्वेट्स साहेबांनी ससा आणि मांजर एकत्र छापले, आणि आजचं नाव पक्कं झालं. मधल्या काळात कुणी त्याला रेपेन्स म्हटलं, म्हणजे सरपटणारं, कुणी ब्रेव्हिफोलियस, म्हणजे आखूड पानांचं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला नवीन गवत सापडलं. आज ही नावं एकाच गवताची टोपणनावं मानतात.

आपल्याकडच्या गवतांची नीट नोंद करणारे लोकही भारी होते. फादर ब्लॅटर हे स्विस जेझुइट मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात शिकवायचे. मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर त्यांनी १९०५ मध्येच लिहून ठेवलं होतं. चार्ल्स मॅकॅन यांच्याबरोबर त्यांनी इलाख्यातल्या गवतांचं जाडजूड पुस्तक केलं. ते १९३५ मध्ये आलं, पण फादर आदल्याच वर्षी गेले होते. झेवियर्समध्ये आजही ब्लॅटर हर्बेरियम आहे. फेस्टला गेलात आणि सेल्फी काढून परत आलात, त्याच इमारतीत वाळवलेल्या झाडापानांचे हजारो कागद जपून ठेवलेले आहेत.

आणि नातेवाईक? इथे खरी मजा आहे. हे मांजरपाय गवतांच्या ज्या शाखेत येतं, त्याच शाखेत नाचणी येते आणि हरळीही येते. हरळी म्हणजे गणपतीच्या दूर्वा. आणि दूर्वांच्या शास्त्रीय नावाचा, सायनोडॉनचा, अर्थ काय माहितीय? कुत्र्याचा दात. बाप्पाला आपण श्रद्धेने एकवीस कुत्र्याचे दात वाहतो आणि त्यांचं चुलत भावंड खाडीत मीठ गाळत उभं असतं. पूर्वी मांजरपायाला शाखेतही वेगळी चूल मांडून दिली होती. डीएनए तपासायची सोय झाल्यावर ती चूल मोडली आणि सगळी भावंडं पुन्हा एका घरात आली.

असे वाद दुसऱ्या खारट गवतांच्या घरातही झालेत. गोव्याच्या खाड्यांत आणि बंगालच्या सुंदरबनात भाताचा एक जंगली भाऊ भरतीच्या चिखलात उगवतो. बंगालीत त्याला धानी घास म्हणतात. आधी तो भाताच्याच गणात होता. १९६५ मध्ये ताटेओका या जपानी शास्त्रज्ञाने त्याला पोर्टेरेशिया असं स्वतंत्र घर दिलं. पुढे जनुकं बघितल्यावर शास्त्रज्ञांनी त्याला परत भाताच्या ओसरीवर आणून बसवलं. हे नुसतं नावाचं कौतुक नाही. भाताचा भाऊ मीठ पचवतो म्हटल्यावर त्याच्यातले गुण भातात आणायचे प्रयत्न सुरू होतात. आपल्या मांजरपायाच्या जनुकांवरही भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत काम झालंय. समुद्र वर चढतोय, किनाऱ्याच्या विहिरी खारावताहेत. उद्याच्या शेतीला लागणारी गुरुकिल्ली अशा बिननावाच्या सतरंजीत असू शकते.

कोकणातल्या शेतकऱ्याला मीठ आणि भात ही जोडी नवीन नाही. मातीचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे बांधातली झडप. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला बाहेरचं आत येत नाही. मग पावसाने दोन-तीन वर्षं माती धुवायची, आणि खारात तग धरणारा राता भात लावायचा. पनवेलला कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथून 'पनवेल' नावाच्या खार सोसणाऱ्या भाताच्या जातीही निघाल्या. काकांच्या आजोबांनी हेच केलं. आम्ही उभे होतो तो बांध त्यांचाच.

पण बांध सांभाळायला माणसं लागतात. काकांचा बांध मधे फुटला, पुन्हा बांधायला कुणी नव्हतं. भरती आत आली. भात गेला, मांजरपाय आलं.

काकांनी मोबाइलवर सातबारा काढून दाखवला. त्यावर अजून भात आहे. उरलेल्या तुकड्यापुढे शब्द आहे 'पोटखराब'.

इथे मला या गवताची गोष्ट खरी कळली. वनस्पतिशास्त्राने अडीचशे वर्षं डोकं खपवून ठरवलं की हे कोण, कुणाचं भावंड, कुठे राहतं. आणि ते जिथे राहतं त्या जमिनीचं वर्गीकरण मात्र 'खराब'.

कायदा काय म्हणतो? पाणथळ जागांचे केंद्राचे नियम २०१७ मध्ये नव्याने आले. व्याख्या चांगली लांबरुंद आहे. दलदल, गोडं पाणी, मचूळ पाणी, खारं पाणी, सगळं त्यात येतं. फक्त भातशेती, मिठागरं आणि अशा काही जागा वगळल्या आहेत. आता बांध फुटलेल्या खारजमिनीचं काय? प्रत्यक्षात उधाणाचं पाणी येतंय, खारट गवत आहे, खेकडे आहेत. कागदावर भात आहे. म्हणजे ती पाणथळ नाही, असा युक्तिवाद करायला कुणीही मोकळा. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत 'सॉल्ट मार्श', म्हणजे खारी दलदल, सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत स्पष्ट लिहिलेली आहे. वाचून आनंद होतो. पण संरक्षण मिळण्याआधी ती कुणीतरी ओळखायला हवी ना!

तिवरांचं तसं नाही. २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांच्या तोडीला मनाई केली, २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला, भोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितला. ते उपग्रहातून हिरवेगार दिसतात. वन सर्वेक्षण अहवालात त्यांचा आकडा येतो. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर. हे सगळं हवंच आहे, खूप लढून मिळालंय. पण त्याच अहवालात खाऱ्या गवताचा रकाना नाही. उपग्रहातून ते उन्हाळ्यात तपकिरी दिसतं, आणि तपकिरी म्हणजे मोकळी जागा असं आपण ठरवून टाकलंय.

मोकळ्या जागेचं दोनपैकी एक होतं. एक म्हणजे भराव. बांधकामाचा राडारोडा घेऊन रात्री डंपर येतात, सहा महिन्यांत जमीन रस्त्याच्या बरोबरीला येते. दुसरं आपल्या ऑफिसचं लाडकं. सीएसआर! सारखे टी-शर्ट, केळी-सँडविच, आणि प्रत्येकाने एक तिवराचं रोप लावून फोटो. जिथे तिवर स्वतःहून उगवत नाही तिथे तो लावला, की पुढच्या मे महिन्यात बहुतेक काठ्याच उरतात, आणि तोवर गवत तुडवलं गेलेलं असतं. पुढच्या वर्षी एचआरचा मेल आला तर निदान विचारा, की आपण रोप लावतोय तिथे आधी काय होतं.

''काका, हे गवत राहायला पाहिजे असं वाटतं का तुम्हाला?''

ते हसले. ''गवात काय भाडा देतं?''

शेजारच्या गोदामाचं भाडं दर महिन्याला येतं. काकांचा धाकटा मुलगा तिथेच शिफ्टमध्ये पॅकिंग करतो. तुमचा एअर फ्रायर कदाचित त्याच्या हातून गेला असेल. भात वर्षातून एकदा यायचा, तोही पाऊस आणि बांध दोघांनी साथ दिली तर. शहरातून आलेल्या मुलीने त्यांना निसर्गावर लेक्चर द्यावं, इतकं धाडस माझ्यात नाही. जमीन त्यांची आहे, आणि ती राखायची तर तिचा मोबदला त्यांना मिळाला पाहिजे, हे साधं गणित कुणीच मांडलेलं नाही.

मात्र थोड्या वेळाने ते स्वतःच बोलले. २६ जुलै २००५ ला पाणी कुठून आलं, कुठवर चढलं, कुठे पसरलं, हे त्यांनी हाताने आकाशात नकाशा काढून सांगितलं. उल्हास फुगली की काय होतं ते आपल्याला एकदा टीव्हीवर दिसलं होतं. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून जास्त प्रवाशांसह पाण्यात उभी होती. ते पाणी पुढे कल्याणवरून इथेच येतं. त्याच वेळी खाडीत भरती असली, तर त्याला पुढे जायला वाट नसते. मग ते आडवं पसरतं. पूर्वी ते खाजणात पसरायचं, आणि सहा तासांनी ओहोटीबरोबर निघून जायचं. ''आता कुठं जाईल? गोदामात,'' काका म्हणाले. ''नायतर घरात.''

तेवढ्यात पंधरा-वीस छोटे पक्षी तिरपे होऊन उतरले आणि सतरंजीवर असे बसले, की क्षणात दिसेनासे झाले. चिखल्या असाव्यात. ओहोटीला उघड्या चिखलात किडे टिपायचे आणि भरतीला बसून राहायचं, एवढंच यांचं टाइमटेबल. पण झाडावर ते बसत नाहीत. भरतीच्या वेळी त्यांना चारी बाजूंनी उघडी, कोरडी, ठेंगणी जागा लागते. फ्लेमिंगो बघायला आपण ऐरोलीला बोटीची तिकिटं काढतो, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाल्याची बातमी फॉरवर्ड करतो. हे मातकट पाहुणे मात्र असल्या बिनपत्त्याच्या जागांवर दिवस काढतात.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मे. पावसात गवत धुतलं जातं, मीठ दिसत नाही आणि चिखल बूट ठेवून घेतो. चपला नकोत, फुल पँट हवी, आणि गावातल्या कुणाला तरी विचारून, त्यांच्याबरोबरच आत जा. वेळेसाठी ॲप नको. काकांनी दिलेला फॉर्म्युला घ्या. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. इथे आत खाडीत ती थोडी उशिरा पोचते. पक्षी बघायचे तर भरतीला, गवत बघायचं तर त्यानंतर पाच-सहा तासांनी.